तारेवरचा चेहरा

आधी गेंड्याचं सांगते, कारण गेंडा नसता तर मी तारेच्या नादाला लागलेच नसते.

व्हेनिसचा चित्रकार प्येत्रो लोंगी याचं १७५१ सालचं एक चित्र आहे. लाकडी कठड्यामागे नटूनथटून आलेली माणसं, आणि पुढ्यात शांतपणे गवत खाणारा गेंडा. गेंडा नव्हे, गेंडी. क्लारा तिचं नाव. आणि ती आपल्याकडची! बंगालमधल्या डच कंपनीच्या बड्या अधिकाऱ्याने लहानपणी सांभाळलेली, मग एका डच कप्तानाने १७४१ साली जहाजातून युरोपात नेलेली आणि पुढे वर्षानुवर्षं गावोगाव तिकीट लावून दाखवलेली. १७५१च्या कार्निव्हलला स्वारी व्हेनिसला पोचली. चित्रात रखवालदाराने तिचं गळून पडलेलं शिंग हातात उंच धरलंय. सगळे ते चित्र क्लारासाठी बघतात. मीही तिच्यासाठीच बघत होते, आणि एकदम नजर गेली ती मागे उभ्या असलेल्या एका बाईकडे. बाईला तोंडच नाही! चेहऱ्याच्या जागी काळाभोर लंबगोल, त्यात डोळ्यांपुरती दोन भोकं, बस्स.

त्या काळ्या लंबगोलाला म्हणतात मोरेत्ता. काळ्या मखमलीचा मुखवटा. त्याला बांधायला ना फीत, ना दोरी. आतल्या बाजूला एक बटण असायचं आणि ते दातांत धरायचं. म्हणजे मुखवटा आहे तोवर तोंड बंद. बोललात की पडलाच! ही युक्ती वाचली आणि त्या रात्री मला झोप आली नाही, खरंच सांगते. कुणी असा विचार केला असेल? आणि कुणी तो मुकाट्याने दातांत धरला असेल? (बाईच्या जातीला गप्प बसवण्याचे उपाय जगभर निघाले, पण इतका देखणा क्वचितच.)

मग काय, एकातून दुसरं निघत गेलं. लोंगीच्या त्याच चित्रात बाउता नावाचा मुखवटाही आहे, पांढरा, वरच्या ओठाखाली चोचीसारखा पुढे आलेला. खाली मोकळी जागा ठेवलेली, त्यामुळे तो घालून खाता-पिता येतं आणि आवाजही बदलतो. वर तीन टोकांची टोपी, अंगावर काळा झगा. सरदार की शिंपी, ओळखायची सोय नाही. व्हेनिसमध्ये मुखवटे घालायचा मोसम वर्षातले कित्येक महिने चालायचा, आणि मुखवटे करणाऱ्या कारागिरांना, म्हणजे मास्करेरींना, १४३६ साली स्वतःची नियमावली मिळाली होती. १७९७मध्ये नेपोलियनपुढे प्रजासत्ताक कोसळलं आणि पुढे तो सोहळाही ओसरला. आज आपण फोटोंत पाहतो तो कार्निव्हल १९७९पासून पुन्हा सुरू झालेला आहे.

एवढं सगळं खरं, पण माझ्या डोक्यात बसला होता तारेचा मुखवटा, आणि यातला एकही तारेचा नाही. कागदाचा लगदा, मेण चढवलेलं कापड, चामडं, मखमल. तिथल्या दुकानांत हल्ली जे जाळीदार धातूचे मुखवटे मिळतात, ते बहुतेक पत्र्यातून लेझरने कापलेले. मला ते भावत नाहीत. कापलेल्या पत्र्याची कड सपाट असते. तार गोल असते, आणि गोल तारेवर उजेड एका सळसळत्या रेघेत उभा राहतो. ती रेघ एकदा पाहिली की पत्रा मेलेला वाटतो.

तारेचे मुखवटे आणि सोंगं शोधायची तर समुद्र ओलांडून पलीकडे जावं लागतं. पोर्तो रिकोतल्या लोइसा गावी जुलैच्या शेवटी संत सांतियागोचा उत्सव होतो. त्यात ‘कबायेरो’, म्हणजे स्पॅनिश सरदार झालेली माणसं तारेच्या जाळीला चेहऱ्याचा आकार देतात आणि त्यावर गोरा रंग, गुलाबी गाल, मिशा रंगवतात. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या खेड्यांत मार्दी ग्राच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवशी घरोघर भीक मागत हिंडणारी टोळीही अशीच जाळीचे मुखवटे घालते. गंमत अशी, की बाहेरून बघणाऱ्याला फक्त रंगवलेलं तोंड दिसतं आणि आतून घालणाऱ्याला सगळं जग दिसतं. वाड्याच्या खिडकीला चिक सोडून रस्ता बघणाऱ्या आजीची हीच युक्ती! रंगवलेल्या जाळीवर बाहेरचा उजेड पडतो आणि परततो, आत अंधार, म्हणून नजर जाळीवरच थांबते. आतल्या डोळ्याला मात्र उजळ बाजू आरपार दिसते. आणि त्रिनिदादमध्ये तर तार वाकवणं हा कार्निव्हलचा स्वतंत्र हुन्नरच आहे. माणसापेक्षा कितीतरी मोठे पंख, किरीट, अख्खे पक्षी नुसत्या तारेच्या सांगाड्यावर उभे करणारे कारागीर तिथे आहेत.

एवढ्यावर थांबले असते, पण मग अलेक्झांडर काल्डर भेटला. हा अमेरिकन शिल्पकार १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये नुसत्या तारेने माणसांचे चेहरे करत होता. नर्तकी जोसेफीन बेकर, मित्र, गिऱ्हाइकं, कुणीही. कपाळ, नाक, ओठ, सगळं रेघेत. मधे काहीच नाही आणि तरी माणूस ओळखू येतो! लहानपणी वीजतंत्र्यांनी रस्त्यात टाकलेले तांब्याच्या तारेचे तुकडे वेचून त्याने बहिणीच्या बाहुल्यांना दागिने केले होते. पुढे १९५५मध्ये साराभाई कुटुंबाच्या निमंत्रणावरून तो अहमदाबादेतही येऊन राहिला आणि तिथे त्याने शिल्पं केली. रस्त्यातली तार! म्हणजे सोनाराकडे जायचं कारणच नाही.

मी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात गेले.

“ताई, मोटार किती एचपीची?”

“मोटार नाही हो दादा. मुखवटा करायचाय.”

दादांनी माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या पोऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने रीळ काढून काट्यावर ठेवलं. तार वजनावर मिळते. २८ नंबरची एनॅमल तार मीटरला जेमतेम एक ग्रॅम भरते. एक ग्रॅम! तीच १८ नंबरची घेतली तर साधारण दहा ग्रॅम. नंबर वाढला की तार बारीक होते, हे मला आधी विचित्रच वाटलं, पण त्यामागे कारण आहे. जाड तार भोकाभोकांच्या पोलादी पट्टीतून क्रमाने लहान लहान भोकांतून ओढतात, आणि जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक. मोजणी तिथूनच आली.

आता करायचं कसं ते सांगते, माझ्याच्याने आता राहवतच नाही. आधी कागद. अर्ध्यात दुमडायचा, अर्धा चेहरा काढायचा, उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. बाहुल्यांमधलं अंतर मोठ्या माणसात बहुतेक साठ ते पासष्ट मिलिमीटर असतं, पण ज्याच्यासाठी करायचा त्याचं मोजूनच घ्यावं, कारण दोन मिलिमीटरने डोळे तिरळे दिसतात. नक्षीसाठी मी सुरुवातीला ठिपक्यांचा कागद घ्यायचे आणि रांगोळीसारखी ठिपक्यांना वळसे घालत रेघ फिरवायचे. रेघ जितकी न तुटता जाईल तितके सांधे कमी, आणि सांधे कमी म्हणजे टोकं कमी. टोकं फार महत्त्वाची! डोळ्याजवळ तारेचं एकही टोक उघडं राहता कामा नये. प्रत्येक टोक आत वळवून चिमटायचं, कानस फिरवायची, मग बोटाने चाचपायचं, आणि मग पापणीजवळ न्यायचं.

सांगाडा १८ नंबरच्या उघड्या तांब्याचा. ही तार वाकवता वाकवता हाताखाली कडक होत जाते. सुरुवातीला लोण्यासारखी, आणि पाच-सहा वळणांनंतर हट्टी. तांब्याचा हा स्वभाव पुण्यातल्या तांबट आळीला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: हंड्यावर हातोडीने मठार पाडतात ते नुसतं शोभेसाठी नाही, ठोक्यांनी पत्रा कणखर होतो. तार पुन्हा नरम करायची तर मंद लाल होईतो तापवायची आणि सरळ पाण्यात टाकायची. पोलाद असं केलं की कडक होतं, तांबं मऊ! मी स्वतः ते पाहिलं तेव्हा टाळ्या वाजवल्या, शेजारच्या काकू डोकावून गेल्या. (एनॅमलची तार मात्र तापवायची नाही, लेप जळून वाईट धूर होतो.) आणि नरम तारेचा मुखवटा शेवटी तसाच ठेवला तर तोंडावर ढिला पडतो, म्हणून शेवटची वळणं मुद्दाम न तापवता घ्यायची, म्हणजे तार आपला आकार धरून बसते. घामाने उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून सांगाड्याला वर लॅकरचा हात.

मग २८ नंबरची बारीक तार. सांगाड्यावर ती गुंडाळत जायची, मधे मणी ओवत. इथे व्हेनिस पुन्हा हजर होतं, कारण तिथल्या काचेच्या मण्यांमागे बायकांची एक अख्खी जमात होती, इंपिरारेसे. मांडीवर मण्यांनी भरलेलं लाकडी पाळं, हातात लांब बारीक सुयांचा पंखा. पंखा मण्यांत खुपसायचा की सुया भरून वर. काचमण्यांच्या या कलेला २०२०मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. आणि आपली नथ? तीही तारेवर बारीक तारेने मोती बांधूनच उभी राहते. नथ नीट उलटी धरून बघा, मागच्या बाजूचे ते वेढे बघा. मुखवट्याच्या भुवईवर मोती बसवताना मी घरातली नथ समोर ठेवते आणि तिची नक्कल करते.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. पहिला मुखवटा भाचीला घातला, दिवा वर होता, आणि तिच्या गालांवर दुसरा मुखवटा उमटला. सावलीचा! तिने मान वळवली तशी सावलीची नक्षी नाकावरून घसरत ओठांवर गेली. तार तिथल्या तिथेच, नक्षी मात्र चालती. म्हणजे मी इतके दिवस तार रेखाटत होते, आणि रेखाटायची होती ती मोकळी जागा! तार जिथे नाही तिथे त्वचा आहे, उजेड आहे, आणि माणूस आहे. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात संबळाच्या तालावर देवांचे मोठाले मुखवटे नाचतात. तिथे माणूस झाकला जातो आणि देव उभा राहतो. त्याच्यापुढे माझी तार म्हणजे काहीच नाही. पण तार हे तिसरंच काही करते. ती कुणालाही झाकत नाही आणि तरी भाची आरशात बघून म्हणाली, “मावशी, ही मी नाहीये.” चौदा वर्षांची मुलगी, सगळा चेहरा स्पष्ट दिसतोय, आणि ही मी नाही! ती वेगळी चालू लागली, मान ताठ, आवाज हळू.

तेव्हापासून मी नक्षी कागदावर ठरवतच नाही, भिंतीवर ठरवते. कच्चा सांगाडा दिव्यापुढे धरायचा, सावली बघायची, दाट वाटली तर तार काढायची. काढायचीच, घालायची नाही. डोळ्यांभोवती दाट, गालाकडे विरळ, आणि कपाळाच्या कडेला जवळजवळ काही नाही.

आता बाउता करायचाय. त्याचा तो पुढे आलेला ओठ तारेत कसा उभा करायचा यावर डोकं चालू आहे. नुसत्या वेढ्यांनी तो दबतो. बहुधा नाकाच्या दोन्ही बाजूंनी १६ नंबरच्या कमानी काढाव्या लागतील आणि त्या हनुवटीपुढे जोडून मधे पंख्यासारखी बारीक तार ताणावी लागेल. वजन वाढेल, पण तीस-चाळीस ग्रॅममध्ये बसतंय असा माझा हिशोब आहे. गोव्याच्या इंत्रुजला, म्हणजे तिथल्या कार्निव्हलला, मैत्रिणीकडे जायचं ठरलंय, तोवर व्हायला हवा. कुणाकडे जुन्या मोटारीचं जळकं वाइंडिंग पडलं असेल तर टाकू नका, मला कळवा. मी स्वतः येऊन सोडवून नेईन.