लेकीच्या उंचीची जत्रा

वाचकहो, जत्रा आपल्याला नवी नाही. पौषात त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तिथले पाळणे, रेवड्या आणि धूळ आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पण बारा महिने भरलेली, दारावर तिकीट काढून आत शिरायची आणि सगळे पाळणे विजेवर फिरणारी जत्रा मी यंदा पहिल्यांदाच पाहिली. त्या जत्रेत आमच्या हातून एक चूक झाली. तुमच्या हातून ती होऊ नये, म्हणून हे लिहायला बसले.

आम्ही हरसूलच्या बाजूचे. पावसाळ्यात खाचरात भात, वर माळाला नागली आणि वरई. पीक घरात आले की दिंडोरीकडे द्राक्षबागांत मजुरीला. आमची लेक साडेचार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी ती बागेच्या कडेला झोळीत होती, पुढे बांधावर गोणपाटावर बसून मातीशी खेळू लागली. तिच्या मामाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला होता. त्यात रंगीत लाकडी घोडे गोल गोल फिरत होते. बाईसाहेबांनी तो इतक्या वेळा पाहिला, की घरात कोणी मोबाइल हातात घेतला की "घोडे लाव" म्हणून मागे लागायची.

एक दिवस आमचे हे म्हणाले, "तिला एकदा नेऊन आणू. सगळा जन्म काय बांधावरच बसायचं का तिनं?"

मला नवल वाटले, कारण हे हाताचे फार घट्ट. मग रात्री त्यांनी सांगितले ते मला माहीत नव्हते. मुंबईला गोराईच्या खाडीपलीकडे १९८९ साली एस्सेलवर्ल्ड सुरू झाले होते. यांच्या लहानपणी शाळेची सहल तिथे निघाली. यांनी नाव दिले, पण त्या वर्षी भात आडवे झाले होते आणि घरात पैसे नव्हते. सहल गेली, हे राहिले. ते एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद पडले आहे, म्हणजे आता जायचे म्हटले तरी जाता यायचे नाही. ही गोष्ट यांनी मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी सांगितली. माणसाच्या मनात काय काय साठून असते बघा.

आम्ही एक बोकड विकला. खोपोलीजवळ इमॅजिका म्हणून मोठा पार्क आहे, २०१३ साली सुरू झालेला. तिथे जायचे ठरले. हरसूलहून एसटीने नाशिक, नाशिकरोडहून आगगाडीने कसारा घाट उतरून कल्याण. माझा भाऊ तिथे राहतो, त्याच्याकडे मुक्काम आणि सकाळी खोपोली लोकल. एसटीत मला अर्धे तिकीट पडले. २०२३ च्या मार्चपासून बायांना ती सवलत आहे, ती अशा वेळी फार उपयोगी पडते.

आत शिरल्यावर पहिल्यांदा काय दिसले असेल, तर तो झुलत्या रुळांचा डोंगर. माणसे गाडीत बसून वर चढत होती आणि किंकाळ्या मारीत खाली येत होती. मला वाटले, केवढे मोठे इंजिन असेल! तिथला एक मुलगा समजावून सांगू लागला, "मावशी, या गाडीला इंजिन नसतं. साखळी तिला एकदा वर ओढून नेते. पुढं ती आपल्याच वजनानं पळते." म्हणजे आपली भरलेली बैलगाडी घाट उतरताना बैलांच्या अंगावर येते ना, तोच प्रकार. एकदा चढवण्यापुरता जोर, बाकी सगळा उताराचा वेग. म्हणूनच पहिला चढ सगळ्यांत उंच ठेवावा लागतो. पुढचे चढ त्याहून ठेंगणे असतात.

पण त्या गाडीच्या दाराशी एक खांब होता आणि त्यावर रेघ. लेकीला तिथे उभे केले. डोके रेघेच्या खूप खाली राहिले. दुसऱ्या पाळण्यापाशी गेलो, तिथेही खांब. हे चिडले, "मग पोरांना आणायचं कशाला?" तेव्हा त्याच मुलाने दांडा दाखवला. बसणाऱ्याला धरून ठेवणारा तो दांडा ठरावीक अंगाच्या मापाने केलेला असतो. लहान पोर त्याच्या खालून निसटू शकते. रेघ ही अडवणूक नाही, ते पोराच्या जिवाचे माप आहे. पटले. पण आम्ही घरून निघण्याआधी तिची उंची मोजली नव्हती आणि कुठे काय चालते याची चौकशीही केली नव्हती. चूक आमचीच.

आता यांचा जीव खालीवर होऊ लागला. दुपार होत आली होती आणि "बोकड वसूल" झाला नव्हता. तेवढ्यात एका पाण्यातल्या होडीची रांग दिसली. होडी अंधारात शिरते आणि आत राजासोरस नावाचा राक्षसी प्राणी अंगावर येतो. हा प्राणी मनातला नाही बरे का! गुजरातेत बालासिनोरजवळ रायोली गावाकडे याची हाडे सापडली आणि २००३ साली त्याला शास्त्रज्ञांनी हे नाव दिले. नर्मदेवरून त्याचे पुढचे नाव नर्मदेन्सिस. आपल्या डोंगरांचा काळा कातळ जेव्हा तापलेल्या रसासारखा जमिनीतून वाहत होता, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, त्याच सुमाराला हा प्राणी इकडे फिरत होता. मला तर तो आपल्याच मुलखातला वाटला.

लेकीला मात्र नाही वाटला. रांगेत असतानाच आतून गुरगुरण्याचा आवाज आला. तिने माझा पदर धरला. "आई, मला नको." हे म्हणाले, "काही नसतं गं, खोटा आहे तो." ती म्हणाली, "नको." मागची माणसे पुढे सरकत होती. यांनी तिचा दंड धरून ओढले. तिने जमिनीवर बसकण मारली आणि मोठ्याने रडू लागली. लोक बघायला लागले. आणि यांनी तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

वाचकहो, हे लिहिताना अजून माझा हात थांबतो. आमच्या घरी पोरीला कधी मारलेले नाही. ती एकदम गप्प झाली. रडेनासुद्धा. आम्ही रांगेतून बाहेर आलो आणि एका बाकावर बसलो. ती माझ्या कुशीत तोंड घालून बसली. यांनी दुसरीकडे तोंड फिरवले होते. आजूबाजूला हजारो माणसे हसत होती आणि आमचे तिघांचे असे.

खूप वेळाने मी म्हटले, "गेल्या शिमग्यानंतर बोहाड्याला काय झालं होतं, आठवतं का?"

तुमच्यापैकी जे आमच्या भागातले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. हरसूल, मोखाडा, जव्हार या बाजूला होळीनंतर गावोगावी बोहाडा होतो. रात्री टेंभ्यांच्या उजेडात मुखवटे चढवून देवांची आणि राक्षसांची सोंगे नाचतात. आधी गणपती येतो, शारदा येते, पुढे रावण, त्राटिका, नरसिंह. संबळ वाजत असतो. पूर्वी मुखवटे लाकडाचे असत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. गेल्या वर्षी त्राटिका आली तेव्हा आमची लेक आजीच्या पदरात शिरली ती सोंग जाईपर्यंत बाहेर आली नाही. कोणी तिला पुढे ढकलले नाही. सासूबाई एवढेच म्हणाल्या होत्या, "राहू द्या. भीती तिची आहे, तीच सोडील." मग पदराला एक फट पडली आणि तेवढ्या फटीतून ती बघत राहिली.

आपल्या गावात जे आपल्याला न शिकवता कळते, ते तिकीट काढल्यावर आपण कसे विसरलो? बोहाड्याला तिकीट नसते, म्हणून तिथे काही वसूल करायचे नसते. एवढाच फरक.

यांनी काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने लेकीसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "माझं चुकलं. तुला काय बघायचं आहे ते सांग." तिने तोंड न काढताच सांगितले, "घोडे."

घोड्यांचा गोल पाळणा शोधायला वेळ लागला नाही. पहिल्या फेरीला ती माझ्यापुढे बसली. दुसऱ्या फेरीला एकटी एका घोड्यावर बसली आणि मी बाजूला धरून उभी राहिले. तिसऱ्या फेरीला तिने यांना बोलावले. "बाबा, तुम्ही त्या काळ्यावर बसा." हे लाजले, पण बसले. आम्ही सात वेळा रांगेत उभे राहिलो आणि सात वेळा बसलो. सातव्या फेरीला मी बाहेर उभी होते. दर चकरीला हे दोघे माझ्यासमोरून जायचे आणि दर वेळी यांचा चेहरा मला त्या सहल चुकलेल्या पोराचा दिसायचा. त्या दिवशी नुसती पोरगीच पार्कात गेली असे मला वाटत नाही.

परत कल्याणला आल्यावर माझ्या भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती ऐकून मला आमचा बाक आठवला. असल्या बागांचा मोठा नमुना म्हणजे अमेरिकेतले डिस्नेलँड. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात अ‍ॅनाहाइम इथे उघडले, तेही १६० एकर संत्र्यांच्या बागांच्या जागेवर. ते काढणारे वॉल्ट डिस्ने म्हणत, की आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात घोड्यांच्या पाळण्यावर बसवून आपण बाकावर शेंगा खात बसायचो. तिथे त्यांना वाटले, आईबापाला आणि पोरांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा पाहिजे. म्हणजे एवढ्या मोठ्या कारभाराचे मूळ बाकावर बसलेल्या एका बापात आहे. बापाने नुसते पैसे भरून बघत बसू नये, पोराबरोबर घोड्यावर बसावे, एवढीच ती कल्पना. मूळ कल्पनेला बोकडाचा हिशेब नव्हता.

आता मायबहिणींनो, तुम्हीही कधी पोराबाळांना घेऊन अशा ठिकाणी जाल. जरूर जा. दूरच्या गोष्टी बघायचा हक्क आपल्या पोरांनाही आहे. फक्त चार गोष्टी ध्यानात ठेवा.

घरातून निघण्यापूर्वी पोराची उंची मोजा आणि तेवढ्या उंचीला तिथे काय काय चालते ते फोनवर विचारून घ्या. सुट्टीचा आणि सणाचा दिवस टाळा, म्हणजे रांगेत दिवस जाणार नाही. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत, म्हणून सकाळी पोटभर भाकरी खाऊनच निघा. तान्हे बाळ बरोबर असेल तर त्याच्या खाण्याचे आधी विचारा. लहान पोराच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते आत शिरताच ठरवा. दुपारी पोर पेंगते, तेव्हा सावलीत तासभर झोपू द्या. आम्ही तसे केले असते तर तो धपाटाही कदाचित टळला असता. उपाशी आणि दमलेले पोर हट्टी दिसते. खरे पाहता ते नुसते दमलेले असते, आणि आईबापांचेही तसेच असते.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. पैसे आपण दिलेले असतात, पोराने नाही. वसुलीचा बोजा त्याच्या पाठीवर देऊ नका. चाळीस पाळण्यांपैकी त्याला एकच आवडला, तर त्याची जत्रा तेवढीच. ती त्याच्या उंचीची जत्रा आहे. आपल्या उंचीची जत्रा आपली चुकली असेल, तर तिचे दुःख आपण आपले सोसावे.

घरी आल्यावर यांनी दाराच्या चौकटीला लेकीला उभे करून कोळशाने रेघ ओढली. त्याच्या वर, अदमासाने, त्या खांबावरच्या रेघेएवढी दुसरी ओढली. ती रोज सकाळी उठून तिथे उभी राहते आणि विचारते, "पोचले का?" आम्ही सांगतो, "नागली खा, पोचशील."

यंदाच्या बोहाड्याला त्राटिका आली तेव्हा मी बघत होते. लेक यांच्या खांद्यावर बसली होती. सोंग जवळ आले, संबळ वाढला. तिने दोन्ही हातांनी बापाचे केस घट्ट धरले. हे एक पाऊल मागे सरकू लागले, तर वरून आवाज आला, "बाबा, थांबा. मला बघायचं आहे."

हे थांबले. पुढे मात्र एक पाऊलही गेले नाहीत.