उसवलेल्या शिवणी

धुतलेल्या कापडावरचं रक्त शोधायचं कुठे, हे मला बाईंनी शिकवलं. कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत मी नवखी होते आणि त्या माझ्या वरिष्ठ. पोलीस ठाण्याहून लाखेचं सील लावलेली पुडकी यायची. आतले सदरे-पायजमे पुष्कळदा स्वच्छ धुतलेले, घडी घातलेले असत. बाई समोरच्या फिकट डागावर वेळ घालवत नसत. पायजम्याचा नेफा, कॉलरीचं बकरम, बटणपट्टी, खिशाच्या तळाची शिवण... ब्लेडने एकेक टाका उसवून त्या आतला पदर उजेडात धरत. दोन-तीन पदरांत मुरलेल्या रक्तापर्यंत साबण नीट पोचत नाही. त्यात घाईघाईने गरम पाणी वापरलेलं असलं, तर प्रथिनं गोठून धाग्याला आणखी घट्ट धरतात.

टिपकागद घासायचा, त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण, मग हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब. लगेच गुलाबी झालं, तर रक्ताची शक्यता. पेरॉक्साइडच्या आधीच झालं, तर भलतंच काहीतरी. मला त्या गुलाबी रंगाचा फार आनंद व्हायचा. बाई मात्र शांतपणे म्हणायच्या, "मुळ्याच्या रसानंही होतं गं. तांब्याच्या क्षारांनीही होतं." ताकायामाच्या चाचणीत सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी स्फटिक दिसल्याशिवाय त्या 'रक्त' हा शब्द कागदावर येऊ देत नसत. ते माणसाचं आहे का, हा त्यापुढचा प्रश्न; त्यासाठी प्रतिरक्तद्रव वापरायचा.

एका पायजम्याच्या नेफ्यात गुलाबी रंग झटकन आला. स्फटिक आले नाहीत आणि पुढच्या चाचणीला पुरेल एवढा अंशही उरला नाही. तपास अधिकाऱ्यांचे फोनवर फोन. बाईंनी 'रक्त सिद्ध झाले नाही' एवढंच लिहिलं. संध्याकाळी मला म्हणाल्या, "या पुडक्यामागे एक माणूस कोठडीत आहे आणि एक घर सुतकात. आपण दोघांचंही देणं लागतो." नोकरीच्या एवढ्या वर्षांत मला याहून मोठं काही कुणी सांगितलं नाही.

बाई निवृत्त झाल्या. 2009 मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की सक्रिय ऑक्सिजनच्या पावडरीने धुतलेल्या कापडावर ल्युमिनॉल, फिनॉल्फ्थॅलिन आणि मानवी हिमोग्लोबिनची चाचणी, तिन्ही नकारार्थी येतात. ते वाचून मी अस्वस्थ झाले. आधीच्या किती कापडांवर आपण 'आढळले नाही' लिहिलं असेल! अशा कापडातून कधीकधी डीएनए मिळतो, पण त्यासाठी ते कापड पुढे पाठवावं असं कुणाला तरी वाटायला हवं.

पुढे एका खटल्यात बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारलं, "रक्त आढळलं नाही, म्हणजे ते कधीच नव्हतं ना?" मी म्हणाले, "धुतलेल्या कापडाबद्दल तसं सांगता येणार नाही." त्या रात्री बाईंना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पावडर कुठली होती?" पंचनाम्यात ते नव्हतंच. तेव्हापासून ठाण्यांना जाणाऱ्या पत्रात मी एक ओळ घालते: कपडे धुतलेले दिसल्यास घरातल्या साबण-पावडरीची नोंद पंचनाम्यात करावी. हल्ली काही ठाण्यांकडून ती येऊ लागली आहे, आणि आली की मी बाईंना कळवते.