पाठराखीण

म्हैस व्यायली की आम्ही पोरं रेडकाकडे धावायचो. आजोबा मात्र कंदील घेऊन म्हशीच्या मागेच बसून राहायचे. "वार पडू दे रे, मग सुटलो." नजर चुकली तर म्हैसच ती खाऊन टाकायची. पहाटे कधीतरी ती पडायची. ओली, लालसर, जागोजागी बटणांसारख्या गाठी असलेली.

बाईची वार याहून वेगळी: भाकरीसारखी गोल, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. बाळ आणि आई यांच्यामधली, पण मुख्यतः बाळाच्या बाजूची. नवरीबरोबर परक्या घरी येते ना पाठराखीण, तशी. फरक एवढाच, की ही आल्या दिवसापासून यजमानीणबाईंनाच कामाला लावते.

गर्भ रुजायला लागतो तेव्हा वार म्हणावी असं अजून काही झालेलंही नसतं. पण तिच्या होऊ घातलेल्या पेशी बीजकोशातल्या पीतपिंडाला सांगावा धाडतात: आवराआवर करू नकोस, मुक्काम आहे. हा सांगावा म्हणजे एचसीजी. तो पोचला नाही तर पीतपिंड दोनेक आठवड्यांत सुकतो, प्रोजेस्टेरॉन घटतं आणि पाळी येते. सुरुवातीला एचसीजी साधारण दोन दिवसांत दुप्पट होतं. न्हाणीघरात पट्टीवर दुसरी रेघ उमटते, ती याचीच सही.

आठ-नऊ आठवडे झाले की वार प्रोजेस्टेरॉन स्वतःच करू लागते. पीतपिंडाचं काम संपलं. (शेळीची वार एवढी स्वावलंबी नाही, तिला शेवटपर्यंत पीतपिंडाचाच आधार लागतो.) इस्ट्रोजेनचं मात्र तिचं एकटीचं भागत नाही. कच्चा माल बाळाच्या आणि आईच्या अधिवृक्क ग्रंथींकडून उसना आणायचा आणि रांधायचा आपल्या चुलीवर.

तिचा खरा आगाऊपणा दिसतो तो साखरेत. लॅक्टोजेन आणि इतर संप्रेरकं सोडून ती आईच्या पेशींना इन्सुलिनचं ऐकू देत नाही. साखर रक्तात रेंगाळते, तेवढी बाळाच्या वाट्याला जास्त येते. आईचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून हे निभावून नेतं. जिचं थकतं, तिला गरोदरपणातला मधुमेह होतो आणि वार बाहेर आली की तो पुष्कळदा ओसरतोही. मला तर यात पाठराखिणीचा हावरटपणाच दिसतो. पण आपल्या माणसासाठीचा हावरटपणा, म्हणून बोलवत नाही.

दूध मात्र ती अडवून धरते. स्तन तयार असतात, चीकही असतो. पण तिचं प्रोजेस्टेरॉन आहे तोवर पान्हा फुटत नाही. ती गेली की दोन-तीन दिवसांत दूध उतरतं. तिचा एखादा तुकडा आत राहिला, तर दूध उशिरा येऊ शकतं.

आजोबा वार गोणपाटात गुंडाळून वडाला टांगायचे. वडच का, तर त्याला चीक असतो. म्हशीला दूध भरपूर येतं म्हणे. मग हात धुऊन चरवी मागायचे.