चोर्ल्याच्या वाटेवर गाडी बंद करून

बेळगावहून गोव्यात उतरायला आंबोली, चोर्ला आणि अनमोड असे तीन घाट. आमच्या घरात मत कायम चोर्ल्याला. जांबोटीनंतर झाडी दाट होत जाते, कणकुंबीला हवा बदलते आणि घाट उतरून केरी आली की नारळ-पोफळी दिसायला लागतात. कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा, त्यामुळे वर्षातून एकदा तरी ही वाट ठरलेली.

गेली दोन वर्षं मात्र आम्ही या वाटेवर कुठं थांबतच नव्हतो. आमची व्हॅन २०११ सालची, पेट्रोलची, फ्युएल इंजेक्शनवाली, इंजिन पुढच्या सीटखाली. सकाळी गार असताना पहिल्याच सेल्फला चालू. पण तापल्यावर पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवली की सेल्फ मारत बसा! दोन-तीन तास तशीच सोडली की पुन्हा शहाणी. मग बाबांनी स्वतःपुरता उपाय काढला, वाटेत गाडी बंदच करायची नाही. आई देवळात दर्शनाला आणि बाबा बाहेर चालू गाडीत. "तू ये जाऊन, मी इथनंच हात जोडतो," असं म्हणायचे.

या काळात प्लग बदलून झाले, बॅटरी नवी आली, सेल्फची मोटर उघडून झाली. येत्या वर्षी रजिस्ट्रेशनची पंधरा वर्षं संपणार, तर त्याआधी गाडी काढून टाकू, असं बाबा म्हणायला लागले. त्यांनी ते म्हणणं मला गाडीपेक्षा जास्त लागलं. गाडी गेली की त्यांचं स्वतःहून कुठं जाणंही संपलं असतं.

माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथला पहिला धडा असा, की जो दोष हवा तेव्हा दाखवता येत नाही, तो गेला की नाही हेही कळत नाही. आमच्या गाडीचा दोष घाटात दिसायचा आणि मेस्त्री बघायचे तेव्हा ती गार असायची. म्हणून यंदा नोव्हेंबरात निघताना ठरवलं, की थांब्याथांब्यावर गाडी मुद्दाम बंद करायची आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

पहिली तपासणी घरच्या अंगणातच झाली. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं एक छोटं यंत्र मिळतं, ते इंजिनातले आकडे मोबाईलवर दाखवतं. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. आमच्याकडे २१ आणि २२ अंश आलं. हा कूलंटचा सेन्सर खोटं बोलू लागला, तर गाडीचा कॉम्प्युटर गरम इंजिनाला गार समजून जादा पेट्रोल देतो. इथं तसं नव्हतं. पुढे चालत्या गाडीतही आकडा नव्वदच्या आसपास स्थिर राहिला.

जांबोटीला पाच मिनिटांचा चहा. गाडी पहिल्या सेल्फला चालू.

कणकुंबीला खरी परीक्षा. इथं मलप्रभेचा उगम. तिचं पाणी पूर्वेला जाऊन कुडलसंगमला कृष्णेला मिळतं. याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळते आणि मांडवी होऊन पणजीपाशी समुद्राला मिळते. एकाच डोंगररांगेतलं पाणी, पण वाटा दोन. उगमाचं कुंड आणि माउलीचं देऊळ बघून आम्ही वीस मिनिटांनी परतलो.

"बंद केलीस? आता बस इथंच संध्याकाळपर्यंत," बाबा म्हणाले.

मोबाईलवर कूलंट ९८ अंश. इंजिन बंद असूनही तापमान चढलं होतं, कारण पाणी फिरायचं थांबतं, वारा लागत नाही आणि सीटखालच्या बंद कप्प्यात उष्णता कोंडते. सेल्फ मारला. तो जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरी आणि मोटर निर्दोष. फेऱ्यांचा आकडाही मोबाईलवर येत होता, म्हणजे क्रँक सेन्सर काम करत होता. तरी इंजिन पकडेना.

मग किल्ली नुसती 'ऑन' केली. मागे टाकीतला पंप दोन सेकंद घुमला आणि थांबला. किल्ली बंद, पुन्हा ऑन, असं तीनदा केलं आणि चौथ्या वेळी सेल्फ मारला. गाडी लगेच चालू!

हा योगायोग तर नाही, हे केरीला बघितलं. अंजुण्याच्या धरणाजवळ पुन्हा वीस मिनिटं थांबलो. यावेळी एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. इंजेक्टर गळून सिलिंडरात जादा पेट्रोल साचलं असेल, तर बहुतेक गाड्या अशा वेळी चालू होतात. ती झाली नाही, पेट्रोलचा वासही नव्हता. पुन्हा तीनदा किल्ली ऑन केली आणि चालू.

आता चित्र स्पष्ट झालं. पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गाडी बंद झाल्यावरही पाइपातलं पेट्रोल दाबाखाली ठेवणं, हे त्याचं काम. तो झिजला की पेट्रोल टाकीकडे परत सरकतं आणि दाब उतरतो. गार इंजिनात त्याचं काही बिघडत नाही, दोन सेकंदांत पंप दाब भरून काढतो. पण तापलेल्या पाइपात दाब नसला, की पेट्रोलची वाफ होते. इंजेक्टरमधून पेट्रोलऐवजी वाफ येते. ती हटवायला दोन सेकंद पुरत नाहीत, सहा पुरतात.

साखळीला जेवण करून निघताना मी किल्ली बाबांच्या हातात दिली. त्यांनी तीनदा पंपाचा आवाज कान देऊन ऐकला आणि सेल्फ मारला. काही बोलले नाहीत. कवळ्याला पोहोचल्यावर मात्र त्यांनी स्वतः गाडी बंद केली, किल्ली खिशात घातली आणि आईबरोबर आत गेले.

बेळगावात परतल्यावर मेस्त्रींना फक्त एकच तपासणी सांगितली, पेट्रोलच्या लाइनला गेज लावा. गाडी चालू असताना दाब तीन बारच्या आसपास, बरोबर होता. बंद करताच काटा काही मिनिटांतच शून्यावर. पंप बदलला, आता काटा बराच वेळ टिकतो आणि किल्लीची युक्ती लागत नाही. फिटनेस तपासून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायचं ठरलं आहे.

तुमच्याकडेही अशी जुनी गाडी असेल, तर सुटे भाग बदलण्याआधी ती ज्या वेळी रुसते त्याच वेळी तिला बघा. सेल्फ मंद फिरतो की जोरात? फेऱ्यांचा आकडा दिसतो का? किल्ली तीनदा ऑन केल्यावर फरक पडतो का? पूर्ण एक्सिलरेटरवर पडतो का? एवढं लिहून मेस्त्रींना दाखवलंत, की त्यांचं निम्मं काम होतं. एक मात्र पाळा, गरम इंजिनावर पेट्रोलचा पाइप स्वतः उघडू नका. ते काम गाडी गार झाल्यावर आणि जाणत्या हातांनीच करायचं.

आणि चोर्ल्यातून जाणार असाल, तर कणकुंबीला गाडी बंद करून थोडं थांबा. उगमाजवळ पाण्याचा आवाज अगदी बारीक आहे, चालू इंजिनात तो ऐकू येत नाही.