जुलाब थांबल्यानंतरचा आठवडा

प्रिय सई,

ओवीचे जुलाब थांबले, पोर पुन्हा भात मागायला लागली, हे वाचून जीव भांड्यात पडला. पण तिला शीतून रक्त पडलं होतं, म्हणून लिहितेय. अजून आठवडाभर तिच्या शूवर लक्ष ठेव.

रक्ताच्या जुलाबांनंतर काय होऊ शकतं, हे तू राहतेस त्या हॅम्बुर्गने जवळून पाहिलंय. २०११ मध्ये उत्तर जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला, तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी माग लागला तो मोड आलेल्या मेथीचा! आपण मोड शिजवून उसळ करतो. जर्मनीत ते सॅलडमध्ये कच्चेच खातात. पन्नासहून जास्त माणसं दगावली, ८०० हून अधिक जणांची मूत्रपिंडं धोक्यात आली. त्या साथीत बहुतेक मोठी माणसं होती. एरवी मूत्रपिंडांचा हा आजार लहान मुलांना जास्त गाठतो.

या जंतूंचं विष आतड्यातून रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा करतं. तिथे गुठळ्या होतात, त्यांतून जाताना तांबड्या पेशी फाटतात, प्लेटलेट्स घसरतात, लघवी कमी होते. हे घडतं जुलाब लागल्यापासून साधारण पाच ते दहा दिवसांत, म्हणजे घरातल्यांना आता सगळं निवळलं असं वाटतं तेव्हा. फार थोड्या मुलांना होतं, आणि वेळेत दवाखान्यात पोचलेली बहुतेक मुलं बरी होतात. काहींना काही दिवस डायलिसिस लागतं.

ती फिकट दिसली, मलूल पडली, चेहरा सुजला किंवा शू कमी झाली, तर फोनवर विचारत बसू नकोस, थेट हॉस्पिटल गाठ. जुलाब थांबवायची गोळी किंवा घरात उरलेलं अँटिबायोटिक मनाने मुळीच देऊ नकोस. या जंतूंच्या बाबतीत त्याने धोका वाढू शकतो.

निखिललाही सांग. त्याचंही पोट बिघडलं होतं ना? अर्धवट शिजलेल्या चिकनमधून येणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर जंतूंमुळे क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, तीही बहुधा तरुण पुरुषांना, जुलाबानंतर काही दिवसांत. छातीत दुखलं तर ॲसिडिटी म्हणून अंगावर काढायचं नाही. ईसीजी आणि ट्रोपोनिनची तपासणी लगेच करायची, आणि पोट बिघडलं होतं हे डॉक्टरांना आपणहून सांगायचं.

ओवीच्या डॉक्टरांना सीबीसी आणि क्रिएटिनिन या रक्ततपासण्यांबद्दल उद्याच विचार. दोन-तीनदा सुई टोचावी लागली तर ती रडेल, पण तू कच खाऊ नकोस.

तुझी,
मावशी