चार नटांचं माप

नगरकरांना लुनाची माया आहे, आणि ती रास्तच आहे. हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची ही ५० सीसीची मोपेड १९७२ साली आली; मूळ नमुना इटलीच्या पियाजिओचा, पण घडली ती इथल्याच माणसांच्या हातून. दुधाच्या किटल्या, गवताचे भारे, मागे बसलेली अख्खी गृहस्थी, सगळं तिनं ओढलं. आता हौशी मंडळी जुन्या लुना शोधून उभ्या करताहेत. मन भरून येतं.

रंगरंगोटी छानच होते. मला काळजी वाटते ती इंजिनच्या हेडच्या चार नटांची. “अजून जरा आवळ” म्हणत पान्याला पाइप लावला जातो आणि तिथंच घात होतो. स्टड पोलादाचा, पण तो रुतलेला असतो क्रँककेसच्या ॲल्युमिनियममध्ये. नट आवळला की स्टड केसभर ताणला जातो आणि त्या ताणानं हेड दाबून धरलं जातं. ताण हद्दीबाहेर गेला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. जड लागणारा पाना एकदम हलका फिरतो. मग बुश मारण्यावाचून गत्यंतर नाही. उलट नट ढिला राहिला तर पॅकिंग फुंकतं, सांध्याशी काळं तेल पाझरतं.

नुसत्या हाताच्या अंदाजावर माझा विश्वास नाही. लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा स्टड ताणतो; बाकीचा घर्षण खातं. गंजक्या आट्यावर पाना घट्ट लागतो, हेड मात्र सैलच असतं. तेलकट आट्यावर तोच जोर स्टडला जादा होतो. म्हणून आधी आटे ब्रशनं स्वच्छ करायचे आणि इंजिन थंड असतानाच, समोरासमोरचे नट दोन-तीन फेऱ्यांत आवळायचे.

६ मिलिमीटरच्या नटाला साधारण १ किलोग्रॅम-मीटर टॉर्क पुरतो; नेमका आकडा मॅन्युअलचाच धरावा. टॉर्क रेंच नसेल तर ताणकाटा चालतो. नटाच्या मध्यापासून १० सेंटिमीटरवर तो पान्याला अडकवून काटकोनात ओढायचा. काट्यानं १० किलो दाखवले की थांबायचं.

२०२४ मध्ये ई-लुना आली; तिला हेडच नाही. जुनीचं क्रँककेस मात्र आता नव्यानं ओतलं जात नाही. तुमच्या घरी ती असेल, तर गाडी कारागिराकडे देताना सोबत ताणकाटाही द्या.