डबीतला पक्षी

कावीळ उतरली तरी त्राण नव्हतं. झेपेल तेवढंच वाचत होतो. मारी द फ्रान्सचं १२व्या शतकातलं ‘लाउस्तिक’ हे कथाकाव्य उशाशी होतं. गोष्ट सेंट-मालोकडची. रात्री प्रियकरासाठी खिडकीशी उभी राहणारी बाई नवऱ्याला सांगते, नाइटिंगेल ऐकतेय. नवरा पक्ष्याला पकडवून तिच्यादेखत मारतो. ती तो इवला देह जरीच्या रेशमात गुंडाळून प्रियकराकडे पाठवते. प्रियकर तो रत्नजडित सोन्याच्या डबीत ठेवून कायम जवळ बाळगतो.

त्या डबीपासून मन हलेना. मारी म्हणते, हे गीत फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रेतॉन लोकांचं. त्यांच्या भाषेतलं ते मूळ गीत हरवलं. तिची फ्रेंच तेवढी उरली.

मग ब्रेतॉन लेखक पेर-जाकेझ एलिआस आठवला. त्याच्या लहानपणी शाळेत ब्रेतॉन बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची वस्तू अडकवत. त्याच्या आठवणींचं पुस्तक आधी फ्रेंचमध्ये आलं, १९७५ साली. ब्रेतॉनमध्ये १९८६ साली. मारीच्या फ्रेंचबद्दल मला कृतज्ञता वाटते, इथे मात्र तीच भाषा टोचते. का, ते अजून उमगत नाही. ज्या शेतकऱ्यांविषयी त्यानं इतक्या मायेनं लिहिलं, त्यांना शाळेनं वाचायला शिकवलं होतं फ्रेंचच. मग ते ब्रेतॉन पुस्तक त्यानं कुणासाठी राखलं असेल?